आकाशातील विसावे

प्रवास म्हटला म्हणजे वाट आली, वाहन आले आणि विसावाही आला. पूर्वीच्या काळी या तिघांत विसाव्याचा मान मोठा असे.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात वडनेर हे गाव आहे. हा सारा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. हिवाळ्यात कापूस वेचून झाला, की भरलेल्या बंड्या हिंगणघाटच्या बाजारपेठेकडे निघत. बैलगाडीला या भागात बंडी म्हणतात. लेकीबाळींना माहेरी-सासरी पोचवायचे असले, तर बंडीत वाळलेले मऊ गवत पसरीत आणि त्यावर गोधडी अंथरीत. बैठक अशी मऊ असली, तरी दोन-चार कोस गेल्यावर अंग अवघडून येई. मग एखादी विहीर किंवा वाहता नाला पाहून गाडीवान बंडी उभी करी, बैलांच्या मानेवरचे जू उतरवी आणि त्यांना पाणी पाजी. उतारू मंडळीही खाली उतरत. कोणी पाय मोकळे करी, कोणी चूळ भरी, कोणी शिदोरी सोडी. विसावा बैलांसाठी आहे, असे सर्वजण म्हणत. पण तो माणसांनाही तितकाच हवा असे. बैल थकत, म्हणून माणसाला विसावा न मागता मिळत असे.

पुढे वाहने बदलली, तरी विसावा बराच काळ टिकून राहिला. आनंदीबाई जोशी वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा तो जलप्रवास कष्टाचा होता. तथापि बोटीवर डेक असे, त्यावर चार पावले चालता येई आणि वाटेत बंदरे लागत.

विमानांचेही प्रारंभी तसेच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका चिमुकल्या विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून मुंबईस आले. वाटेत त्यांना पेट्रोलसाठी अहमदाबादेस उतरावे लागले, आणि ते पेट्रोल तेथे बैलगाडीतून आणले गेले होते, असे सांगतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा येथे त्याचे मुक्काम झाले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परतत. त्यांतून उतारूही जात. भर मध्यरात्री नागपूरच्या विमानतळावर उतरून थंड हवेत चार पावले टाकण्याचा लाभ त्यांना मिळे.

आज हे मुक्काम राहिलेले नाहीत. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर पंधरा-सोळा तासांत तोडते आणि मधे कोठेही उतरत नाही. यंत्राला थकवा नाही; त्याला नाल्याचे पाणी नको, की झाडाची सावली नको. दोन महिन्यांची वाट एका रात्रीवर आली, ही मनुष्याच्या बुद्धीची थोर करामत होय. परंतु त्या विमानात बसणाऱ्या मनुष्याचे शरीर मात्र बंडीत बसणाऱ्या मनुष्याचेच राहिले आहे. त्याला विसावा हवाच. वाहन थांबत नाही, तेव्हा तो विसावा ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो.

ही गोष्ट मोठमोठ्या शहाण्यांच्याही ध्यानात येत नाही. वडनेरच्या एका आजींना ती कशी उमगली, ते ऐकण्यासारखे आहे.

आजींची लेक न्यूयॉर्कजवळच्या एका गावी राहत असे. तिच्याकडे जाण्याचे ठरले, तेव्हा आजींचे वय सत्तरीच्या जवळ आले होते. त्यांचा सारा जन्म शेतात गेलेला. निंदण, वेचणी, दळण-कांडण, सारे त्यांनी केलेले. श्रमाचे त्यांना भय नव्हते. प्रवासाचेही नव्हते. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वडनेरवरूनच जातो. त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्या पाहत त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. विमानप्रवास कठीण असतो, असे कोणी म्हटले, की त्या हसून म्हणत, "नुसतं बसाचं तं आहे! त्यात थकाचं कायले?"

त्यांची नात सातव्या इयत्तेत शिकत होती. आजीचे हे बोलणे तिला पटेना. दीर्घ प्रवासात शरीराचे काय होते, ते तिने आपल्या विज्ञानाच्या गुरुजींना विचारले. गुरुजींनी समजावून दिलेली माहिती अशी:

विमान जमिनीपासून दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडते. तेथे बाहेरची थंडी शून्याखाली सुमारे ५० अंश सेल्सिअस असते आणि हवा इतकी विरळ असते, की मनुष्य तीत श्वास घेऊन जगू शकणार नाही. म्हणून यंत्रांच्या साहाय्याने हवा दाबून विमानाच्या आत सोडतात. परंतु आतील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवीत नाहीत. तसे केल्यास विमानाच्या भिंतींवर फार ताण पडेल. सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढाच विमानात असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर आहे. म्हणजे विमानातील उतारू खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईहूनही उंच डोंगरावर जाऊन बसलेला असतो! दाब कमी झाला, की वायू फुगतो. बरोबर नेलेली चिवड्याची बंद पिशवी विमानात टम्म फुगते, ती याच कारणाने. पोटातील वायूही तसाच फुगतो. म्हणून प्रवासात थोडे, हलके आणि सावकाश खावे. वायू करणारे पदार्थ आणि फसफसणारी पेये टाळावीत.

कानाचा त्रास होतो, तोही दाबाच्या फरकामुळेच. कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते. ती एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. विमान खाली उतरू लागले, की बाहेरचा दाब वाढतो आणि ही नळी मिटलेली असल्यास पडदा आत ओढला जाऊन कान दुखतो. गिळताना किंवा जांभई देताना ती नळी क्षणभर उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. यासाठीच विमान उतरताना गोळी चघळावी, आवंढा गिळावा आणि तान्ह्या मुलांना दूध पाजावे. तान्ही मुले त्या वेळी रडतात, ती हट्टाने नव्हे. त्यांचे कान दुखत असतात आणि गिळावे कसे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तिसरी गोष्ट कोरडेपणाची. एवढ्या उंचीवरच्या हवेत ओलावा जवळजवळ नसतोच. तीच हवा आत घेतल्यामुळे विमानातील हवा वैशाखातल्या नागपूरच्या दुपारीसारखी कोरडी असते. फरक इतकाच, की नागपूरच्या उन्हात घाम येतो, जीव कासावीस होतो आणि मनुष्य आपण होऊन माठाकडे धाव घेतो. विमानात हवा गार असल्यामुळे घसा, नाक आणि डोळे सुकत चालले, तरी ते लवकर ध्यानात येत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहिले पाहिजे. चहा-कॉफीवर भर देऊ नये. तिने झोप मोडते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हृदय पायांकडे रक्त धाडते, ते वर परत आणण्याचे बरेचसे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. मनुष्य चालतो, तेव्हा हे स्नायू आकुंचन पावतात आणि शिरांतील रक्त वर ढकलतात. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसले, की हे काम थांबते. पाय सुजतात, जड होतात आणि क्वचित एखाद्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी मनुष्याच्या बाबतीत तो मुळातच फार थोडा असतो. परंतु वय झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली किंवा पूर्वी असा विकार झालेली माणसे यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. बाकी उपाय सोपा आहे. मधून मधून उठावे, चालावे. आणि बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत.

हे सारे ऐकून नात घरी आली. दाब, वायू, स्नायू हे शब्द आजीपुढे मांडून उपयोग नाही, हे ती जाणून होती. तिने आजीला विचारले, "आजी, तू नवी नवरी होऊन आलीस, तेव्हा बंडीला वाटेत विसावे किती झाले होते?"

आजींनी बोटे मोजली. कोणत्या विहिरीवर बैल सोडले, कोणत्या झाडाखाली भाकर खाल्ली, हे सारे त्यांनी रंगवून सांगितले.

"मग विमानातही तसेच विसावे घ्यायचे," नात म्हणाली. "विमान थांबणार नाही; तू मात्र थांबायचे."

तिने वहीचा एक कागद घेतला. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात दर दोन तासांनी एक, याप्रमाणे तिने सात विसावे लिहिले. पण 'पहिला, दुसरा' असे न लिहिता तिने आजीच्या ओळखीची नावे घातली. वडनेरहून नागपूरला जाताना लागणारी हिंगणघाट, जाम आणि बुटीबोरी, मग नागपूर, आणि तेथून रेल्वेने मुंबईकडे जाताना लागणारी वर्धा, बडनेरा व भुसावळ ही स्टेशने. प्रत्येक गाव आले, की आजीने उठावयाचे, विमानाच्या एका टोकापर्यंत चालून यावयाचे आणि पेलाभर पाणी प्यावयाचे. झोप लागली असेल, तर एखादे गाव झोपेत गेले तरी चालेल. दोन गावे मात्र लागोपाठ जाऊ द्यावयाची नाहीत. कागदाच्या तळाशी नातीने मोठ्या अक्षरांत लिहिले, "पट्ट्याचा दिवा विझला असेल तेव्हाच उठावे." विमान डोलू लागले, की उतारूंनी बसून राहावे म्हणून तो दिवा लावतात, हे तिला गुरुजींनी सांगितले होते. जाग्यावर असताना पट्टा बांधलेलाच ठेवावा, हेही तिने आजीकडून दोनदा वदवून घेतले.

तयारी सुरू झाली. आजींचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत गेले. मोठ्या पेटीत ठेवलेले औषध वाटेत उपयोगी पडत नाही. लेकीसाठी घातलेले लोणचे मात्र पेटीत गेले, कारण असले पातळ पदार्थ थोड्या प्रमाणापलीकडे हातच्या पिशवीतून नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली रिकामी न्यावयाची आणि तपासणी झाल्यावर भरून घ्यावयाची, असे ठरले. शाकाहारी जेवणाची मागणी आधीच नोंदविली. आजींनी सैलसर सुती लुगडे, एक लोकरी शाल आणि पाय सुजले तरी घट्ट होणार नाहीत अशा चपला काढून ठेवल्या. इतके झाल्यावर त्या म्हणाल्या, "मले खिडकीची जागा पाहिजे." जन्मभर आकाश खालून पाहिलेल्या मनुष्याची ही इच्छा कोण मोडणार? खिडकीची जागा मिळाली.

मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर सुटले. खाली दिव्यांचा सडा पडलेला पाहून आजींना वेचणीला आलेले कापसाचे शेत आठवले. मग दिवे संपले आणि खिडकीबाहेर काळोख दाटला. आजींच्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती आणि तिच्या पलीकडे, वाटेच्या कडेला, एक उंच वयस्क गृहस्थ. जेवणे झाली, दिवे मंद झाले आणि दोघांनीही डोळे मिटले.

हिंगणघाटची वेळ झाली. आजींनी कागद काढला, शेजाऱ्यांकडे पाहिले आणि कागद पुन्हा कनवटीला लावला. झोपलेल्या परक्या माणसांना उठवावयाचे कसे? त्यांनी पाण्याची बाटलीही बाजूस सारली. पाणी प्यावे, तर उठावे लागेल. उठावे, तर दोघांची झोप मोडेल. त्यापेक्षा तहान सोसलेली बरी, असा विचार त्यांनी केला. लांबच्या प्रवासात, लग्नघरी, बाजारात कितीतरी बाया याच विचाराने दिवसभर घोटभर पाण्यावर राहतात. हा संकोच वरवर पाहता सद्गुणासारखा दिसतो. दुसऱ्याला त्रास न देण्याची भावना त्याच्या मुळाशी असते, यात संशय नाही. परंतु शरीराला संकोच कळत नाही. त्याला पाणी कळते आणि चालणे कळते.

आणखी दोन तास गेले. आजींचे ओठ सुकले, डोके जड झाले. पाय तर दगडासारखे झाले होते. चपलेत सरकविलेले पाऊल चपलेत मावेना. ज्या पायांनी त्यांनी सारे आयुष्य शेत तुडविले, ते पाय नुसते बसून बधिर झाले होते. 'त्यात थकाचं कायले?' हे आपलेच शब्द त्यांना आठवले. कागदावर दुसरे नाव होते जाम. दोन गावे लागोपाठ जाऊ द्यावयाची नाहीत, असे नातीला त्यांनी वचन दिले होते. आजींनी मनाचा हिय्या केला आणि शेजारच्या मुलीच्या हाताला हलकेच स्पर्श केला.

ती मुलगी झोपलेली नव्हतीच! आजींची भाषा तिला येत नव्हती. पण आजींनी गुडघ्यांवर हात ठेवून पायांकडे बोट दाखविले, ते तिला चटकन समजले. ती हसली. मग तिनेही आपल्या पायांकडे बोट दाखविले. वाटेवर बसलेल्या गृहस्थांना उठवावे कसे, म्हणून तीही दोन तास अवघडून बसली होती. तिने त्या गृहस्थांना हाक मारली. ते दचकले नाहीत, की रागावले नाहीत. उभे राहता राहता त्यांनी कमरेवर हात ठेवून असा काही सुस्कारा सोडला, की उठण्यासाठी निमित्तच शोधीत असावेत. तिघेही जण एकमेकांच्या झोपेची काळजी वाहत जागे राहिले होते.

आजी विमानाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेल्या. तेथे सेवा करणाऱ्या मुलीने त्यांना पाणी दिले. उभ्या उभ्या त्यांनी टाचा उचलल्या, टेकल्या, पुन्हा उचलल्या. हळूहळू पायांत मुंग्या आल्या आणि मग ऊब आली. मुलीने त्यांना दुसरा पेला भरून दिला, तोही त्यांनी संपविला. जाग्यावर परतल्यावर शालीची घडी मानेखाली घेऊन त्यांनी डोळे मिटले. विमानाची घरघर अखंड चालू होती. म्हणून आपल्याच शेतातल्या कापसाचे दोन लहान बोळे त्यांनी कानांत ठेवले. थोड्याच वेळात त्यांना झोप लागली.

पुढच्या वाटेवर बुटीबोरी झोपेत गेली. नागपूर आले, तेव्हा आजी उठावयाच्या आधीच ती मुलगी उठून उभी होती. वर्धा आणि बडनेरा या विसाव्यांना त्या गृहस्थांनीच दोघींना खूण केली. आजींच्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्या दोघांना कधीच वाचता आले नाही. तरी दर दोन तासांनी काय करावयाचे, हे त्यांना ठाऊक झाले होते. पश्चिमेकडे जाणाऱ्या त्या विमानाबरोबर रात्रही लांबत गेली. भुसावळच्या सुमारास खिडकीची झडप थोडी वर केली, तेव्हा क्षितिजावर तांबूस रेघ उमटली होती. आजींनी सरकून बसून ती शेजारच्या मुलीला दाखविली.

विमानातून उतरल्यावरही प्रवासाचा एक भाग शिल्लक राहतो. भारताचे घड्याळ न्यूयॉर्कच्या पुढे असते. उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास. मनगटावरचे घड्याळ क्षणात फिरविता येते. शरीराच्या आत जे घड्याळ आहे, ते मात्र सावकाश फिरते. निजावे केव्हा, उठावे केव्हा, भूक केव्हा लागावी, हे तेच ठरविते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजींना लेकीच्या घरी पहाटे अडीचलाच लख्ख जाग येई, कारण वडनेरला त्या वेळी दुपारचे बारा वाजलेले असत. आणि संध्याकाळी पाच वाजले, की डोळे मिटू लागत. लेकीने त्यांना दुपारी फार वेळ निजू दिले नाही आणि रोज अंगणातल्या उजेडात फिरावयास नेले. शरीराचे घड्याळ लावणारा सर्वांत मोठा कारागीर सूर्यप्रकाश होय. साधारणपणे दिवसाला एक तास या गतीने ते नव्या गावाशी जुळत जाते. म्हणून दूरदेशी पोचताच महत्त्वाचे काम अंगावर घेऊ नये. चार दिवस शरीराला द्यावेत. पूर्वेकडे प्रवास करताना हे जुळणे बहुतेकांना अधिक जड जाते. त्यामुळे परतल्यावर थोडे जास्तच सबुरीने घ्यावे.

दीर्घ प्रवासातील सुख गादीच्या मऊपणावर अवलंबून असते, असा पुष्कळांचा समज आहे. अधिक पैसे देऊन मोठी खुर्ची घेता येते, हे खरे. परंतु तीत सोळा तास न हलता बसणाऱ्याचे पायही सुजतातच. आपल्या शरीराची गरज ओळखणे आणि ती वेळेवर, विनयाने सांगता येणे, ही अर्धी सुखाची गोष्ट झाली. उरलेली अर्धी शेजाऱ्याच्या हाती असते. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्या महात्मा गांधींनी त्या प्रवासाविषयी १९१७ साली एक पुस्तिका लिहिली. तीत त्यांनी रेल्वेच्या गैरसोयी तर मांडल्याच. पण उतारूंच्या बेपर्वा व अस्वच्छ सवयींवरही बोट ठेवले. त्या पुस्तिकेचे मर्म विमानातही खरे ठरते. पुढच्याच्या खुर्चीला लाथा न मारणे, आपली पाठ मागे टेकण्यापूर्वी मागे वळून पाहणे, स्वच्छतागृह आपल्यामागून येणाऱ्यासाठी स्वच्छ ठेवणे, रडणाऱ्या बाळाच्या आईकडे कपाळाला आठ्या घालून न पाहणे, या गोष्टींना पैसे पडत नाहीत. मात्र त्यांवाचून कितीही किमतीची जागा सुखाची होत नाही.

विमानात असो, आगगाडीत असो वा एसटीच्या गाडीत असो, खिडकीकडे बसलेले एखादे वृद्ध मनुष्य हातातील पाण्याची बाटली न उघडताच बसले असेल, तर ते बहुधा तहानलेले नसते असे नाही. ते संकोचलेले असते. अशा वेळी त्याने विचारण्याची वाट पाहू नये. आपणच उठून उभे राहावे, त्याला वाट करून द्यावी आणि ते परत येईपर्यंत त्याची जागा सांभाळावी.